उखळ, बिजागरी आणि खोगीर : आपल्या शरीरातील सांधे

एरंडेल चोळून गुळगुळीत केलेल्या मल्लखांबावर दहा-बारा वर्षांचा एखादा मुलगा झरझर चढतो, मांड्यांची अढी घालून खाली डोके वर पाय असा लोंबकळतो आणि पाहता पाहता देहाला पीळ देऊन पुन्हा सरळ होतो. पाहणारे कौतुकाने म्हणतात, ‘याच्या अंगात हाडेच नाहीत!’ वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हाडे नसती तर त्या मुलाला खांब धरताच आला नसता. गांडुळासारखा तो खाली गळून पडला असता. शिवाय त्याच्या अंगात प्रौढ माणसापेक्षा हाडांचे तुकडे अधिकच आहेत. नवजात अर्भकाच्या शरीरात सुमारे २७० ते ३०० हाडे असतात. वय वाढेल तशी त्यांतील कित्येक एकमेकांस कायमची जुळतात आणि पूर्ण वाढ झालेल्या माणसात २०६ उरतात. त्या मुलाची करामत हाडांच्या अभावात नसून हाड जेथे संपते व दुसरे सुरू होते, त्या जागेत आहे. त्या जागेस आपण सांधा म्हणतो.

बडोद्यातील मराठी कुटुंबांना हा विषय तसा परका नसावा. श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न माणिकराव ही नावे या शहरातील घराघरांत ठाऊक आहेत. माणिकराव मल्लविद्येचे व सांघिक व्यायामाचे आचार्य होतेच. परंतु हाडांच्या दुखापतींवरील देशी उपचारांबद्दलही त्यांची ख्याती होती. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा दहा खंडांचा ग्रंथराज १९३६ ते १९४९ या काळात बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला. शरीर कसे वळवावे, हे या शहराने पुष्कळांना शिकविले. ते मुळात वळते कसे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावी. सांध्यापुढे नेहमी दोन मागण्या उभ्या असतात. एक मागणी मजबुतीची, म्हणजे हाडे एकमेकांपासून सुटू नयेत ही. दुसरी मागणी मोकळिकीची, म्हणजे हाडे हवी तशी हलावीत ही. या दोन्ही मागण्या एकाच वेळी पूर्णपणे पुरविणारा एकही सांधा निसर्गाने घडविलेला नाही. जेथे मोकळीक दिली तेथे मजबुतीतून काही कापून घेतले, आणि जेथे मजबुती दिली तेथे हालचाल बांधून टाकली. शरीरातील निरनिराळ्या सांध्यांचे प्रकार म्हणजे या एकाच व्यवहाराच्या निरनिराळ्या तडजोडी आहेत.

आपल्या प्राचीन वैद्यांनाही हा भेद दिसला होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात संधींचे दोनच मुख्य वर्ग सांगितले आहेत : हालचाल करणारे आणि स्थिर. सुश्रुतांच्या मते शरीरात २१० संधी असून आकारावरून त्यांचे आठ प्रकार होतात. भाषा शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला त्या आठ नावांचे विशेष अप्रूप वाटते, कारण त्यांतील बहुतेक नावे घरातून, शिवणाच्या पेटीतून आणि झाडावरच्या पाखरांतून उचललेली आहेत. ‘उलूखल’ म्हणजे आपले उखळ. ‘समुद्ग’ म्हणजे झाकणाचा डबा. ‘वायसतुंड’ म्हणजे कावळ्याची चोच. हे नाव जबड्याच्या सांध्यास दिलेले आहे. आणि ‘तुन्नसेवनी’ म्हणजे शिवण.

ही शिवण कोठे असते? मुख्यतः डोक्याच्या कवटीत. कवटी ही अखंड वाटी नव्हे; ती अनेक चपट्या हाडांची बनलेली असून त्यांच्या करवतीसारख्या दातेरी कडा एकमेकींत घट्ट गुंतलेल्या असतात. युरोपातील शरीरशास्त्रज्ञांनीही या सांध्याला लॅटिन भाषेतील शिवणीचेच नाव दिले. एवढ्या दूरच्या दोन विद्यापरंपरांना कवटीकडे पाहून सुई-दोराच आठवावा, ही मौजेची गोष्ट आहे. प्रौढ माणसात ही शिवण हलत नाही, कारण आत मेंदूसारखा नाजूक ठेवा आहे. तान्ह्या मुलात मात्र ती अद्याप पुरी घातलेली नसते. जन्माच्या वेळी ही हाडे एकमेकांवर किंचित सरकतात, म्हणूनच बाळाचे डोके अरुंद वाटेतून बाहेर येऊ शकते. हाडांच्या मधली मोकळी जागा म्हणजेच टाळू. आजी तेलाने टाळू भरते तेव्हा तिच्या बोटांखाली जे मऊ लागते व लपलप उडते, ते न जुळलेल्या सांध्याचे दार होय. साधारणतः दीड वर्षापर्यंत ते मिटते.

दात हिरडीखालच्या हाडात रुतलेले असतात. त्यांचाही सुश्रुतांनी संधींतच समावेश केला आणि त्यांना उखळाच्या वर्गात घातले. आकार पाहिला तर ते योग्यच आहे, कारण मुसळाप्रमाणे दात खळग्यात बसतो. परंतु त्याच वर्गात त्यांनी खांदाही घातला, आणि दात जर खांद्यासारखा फिरू लागला तर आपल्याला वैद्याकडेच धाव घ्यावी लागेल! आजचे शास्त्र केवळ आकारावर न थांबता हालचालही पाहते, आणि दातांना स्थिर सांध्यांत ठेवते.

स्थिर आणि मोकळे यांच्या दरम्यान एक तिसरा वर्ग आहे, तो अल्प हालचालीच्या सांध्यांचा. पाठीचा कणा हे त्याचे उत्तम उदाहरण. मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ मिळून २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असून बहुतेकांच्या मध्ये कूर्चेची एकेक लवचिक गादी असते. कोणत्याही दोन मणक्यांतील हालचाल अगदी थोडी. पण सर्वांची बेरीज होऊन सूर्यनमस्कारात आपण पुढे कपाळ गुडघ्याला टेकवितो व मागे कमान करतो. या गाद्यांमधील पाणी दिवसभराच्या भाराने थोडे पिळून निघते आणि रात्री झोपेत पुन्हा भरते. म्हणून सकाळी उठल्यावर मोजलेली उंची संध्याकाळच्या उंचीपेक्षा साधारणपणे एक-दोन सेंटिमीटर अधिक भरते. घरच्या भिंतीवर पेन्सिलीची खूण करून हा प्रयोग कोणासही करता येईल.

आता मोकळ्या सांध्यांकडे वळू. येथे हाडांची टोके एकमेकांस प्रत्यक्ष जोडलेली नसतात. प्रत्येक टोकावर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, दोन्ही टोकांभोवती पिशवीसारखे आवरण असते, बाहेरून चिवट अस्थिबंध त्यांना आवळून धरतात, आणि पिशवीच्या आत अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा चिकट द्रव असतो. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम चमचाभरसुद्धा नसतो. परंतु त्याच्यामुळे सांध्यातील घर्षण इतके कमी होते की बर्फावरून बर्फ घसरावा त्याहून ते कमी भरते. वंगण दिलेल्या आसावर चाक जसे सुरळीत फिरते तसे कफाने माखलेले सांधे सुरळीत चालतात, असा दृष्टान्त सुश्रुतांनीही योजिला आहे.

मात्र गाडीच्या आसाहून सांधा एका बाबतीत वेगळा आहे. आस वापरल्याने झिजतो. सांधा न वापरल्याने बिघडतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिचे पोषण कसे होते? पाण्यात बुडविलेला स्पंज दाबला की पाणी बाहेर येते व सोडला की आत शिरते, तद्वत हालचालीच्या दाबाने कूर्चेत तो द्रव आत-बाहेर होतो, आणि त्यातूनच तिला अन्न मिळते. हात महिनाभर पट्टीत बांधून ठेवला की कोपर ताठर होते ते काही अंशी यामुळेच. आजोबांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांनी खुर्चीतून उठूच नये, असा आग्रह प्रेमळ मंडळी धरतात. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. परंतु वैद्याने मना केले नसेल तर रोजचे बेताचे चालणे हेच त्या गुडघ्याचे जेवण असते.

याच द्रवावरून बोटे मोडण्याचा प्रश्न निघतो. वर्गात एखाद्याने कडाकड बोटे मोडली की सांधे लवकर निकामी होतील, असे त्याला हमखास बजावले जाते. (घरी आजी नातवाची दृष्ट काढताना आपल्या कानशिलांवर बोटे मोडते, तिला मात्र कोणी काही म्हणत नाही.) तो आवाज हाडाचा नव्हे. बोट ताणले की सांध्याच्या पिशवीतील जागा एकाएकी वाढते, द्रवातील वायूची पोकळी तयार होते, आणि आवाज येतो. कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये चुंबकीय प्रतिमायंत्रात ही घटना प्रत्यक्ष टिपली. तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, त्याला सुमारे वीस मिनिटे जावी लागतात. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नास वर्षे फक्त एकाच हाताची बोटे मोडली आणि दुसरा हात तुलनेसाठी ठेवला; १९९८ मध्ये त्यांनी जाहीर केले की संधिवात दोन्हींपैकी कोणत्याही हातात झाला नाही. एका माणसावरून सिद्धान्त होत नाही हे खरे, पण चिकाटीला दाद दिलीच पाहिजे.

मोकळ्या सांध्यांचे प्रकार ओळखण्यासाठी पतंगाची आठवण पुरेशी आहे. संक्रांतीच्या दिवशी आमच्या नागरवाड्यातील गच्च्यांवर शेकडो हात मांजा खेचीत असतात, तेव्हा एकेका हातात हे बहुतेक सारे प्रकार एकदम काम करीत असतात. कोपर दाराच्या बिजागरीप्रमाणे मिटते व उघडते; तो बिजागरीचा सांधा. त्याला एकच दिशा ठाऊक आहे : आकुंचन आणि प्रसारण. बोटांच्या पेरांचे सांधेही असेच. परंतु फिरकी धरणारा तळहात वर-खाली पालथा करतो, ते कोपरातील बिजागरीचे काम नव्हे. कोपर कमरेला घट्ट लावून तळहात आकाशाकडे व मग जमिनीकडे करून पाहा. पुढच्या हातातील दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड कोपराजवळ स्वतःभोवती फिरते व खाली दुसऱ्या हाडावर आडवे येते. हा खुंटीचा सांधा. दान घेताना हात उताणा आणि देताना पालथा होतो, तो याच सांध्यामुळे. मनगटातील आठ लहान हाडे एकमेकांवर किंचित घसरतात. ते सरकते सांधे.

आणि अंगठा? त्याच्या मुळाशी दोन हाडे अशी बसलेली आहेत की जणू घोड्याच्या पाठीवर खोगीर व खोगिरावर स्वार. स्वार पुढे-मागे झुकू शकतो व डावी-उजवीकडेही झुकू शकतो, पण खाली पडत नाही. या खोगिरी सांध्यामुळे अंगठ्याचे टोक चारही बोटांच्या टोकांना समोरून भेटते. लेखणी, सुई, मांजा, चिमूटभर मीठ, सारे या एका भेटीवर अवलंबून आहे. अंगठा तळहाताला चिकटवून सदऱ्याची गुंडी लावून पाहावी म्हणजे त्याची किंमत कळेल.

मान हा आणखी एक गमतीचा भाग. ‘होय’ म्हणण्यासाठी कवटी पहिल्या मणक्यावर पुढे-मागे डुलते. ‘नाही’ म्हणण्यासाठी पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या उभ्या खुंटीभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे वळविण्याचे जवळजवळ अर्धे काम ही एक खुंटी करते. म्हणजे होकार व नकार यांना निसर्गाने निरनिराळे सांधे दिलेले आहेत. आपण भारतीय मात्र दोन्ही टाळून डोके बाजूस झुलवितो, आणि परदेशी पाहुणा उत्तराची वाट पाहत राहतो.

उखळीच्या सांध्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण मोकळीक आणि मजबुती यांचा व्यवहार तेथे सर्वांत स्पष्ट दिसतो. शरीरात दोन ठिकाणी मोठे उखळीचे सांधे आहेत, खांदा व खुबा. दोहोंतही एका हाडाचा गोल माथा दुसऱ्या हाडाच्या खळग्यात बसतो. परंतु खुब्याचे उखळ खरोखरच उखळासारखे खोल आहे. मांडीच्या हाडाचा माथा त्यात निम्म्याहून अधिक बुडालेला असतो आणि त्याभोवती शरीरातील अत्यंत बळकट अस्थिबंध आवळलेले असतात. खांद्याचे उखळ मात्र नावालाच उखळ. ती खरे म्हणजे उथळ बशी आहे. बशीवर मोठा लाडू ठेवावा तसा दंडाच्या हाडाचा माथा तिला टेकून असतो. लाडू घरंगळू नये म्हणून चार लहान स्नायू त्याला चोहोंकडून ओढून धरतात. शिवाय ती बशीही स्थिर नाही. ती ज्या फऱ्याच्या हाडावर आहे ते हाडच बरगड्यांवरून सरकते. मित्राच्या फऱ्यावर तळहात ठेवून त्याला हात बाजूने वर उचलण्यास सांगावे. हात कानाला लागेपर्यंत फरा सरकत वळताना स्पष्ट जाणवेल. हात वर नेण्याच्या पूर्ण चालीपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग खांद्याचा व एक तृतीयांश फऱ्याचा असतो.

या उथळ बशीचा लाभ आखाड्यात दिसतो. मुद्गल डोक्यामागून फिरवून पुढे आणणे, गोफण फिरविणे, चेंडू फेकणे या चाली खुब्याला साधत नाहीत. परंतु किंमतही मोजावी लागते. मोठ्या सांध्यांत सर्वांत अधिक वेळा निखळतो तो खांदाच. खुबा निखळण्यास मोटारीच्या अपघातासारखा भयंकर आघात लागतो, तर खांदा क्रिकेटच्या मैदानावरील एका पडण्यानेही निखळू शकतो. पाय देहाचा भार वाहतात म्हणून त्यांना मजबुती दिली; हातांवरून तो भार उतरला म्हणून त्यांना मोकळीक परवडली.

सयाजीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सुमारे ७० फूट लांबीचा सांगाडा आहे. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या माशाचा तो आहे. लहान मुले त्याच्या लांबीकडे पाहूनच थक्क होतात. पुढच्या वेळी त्याच्या वल्ह्यासारख्या अवयवाकडे लक्ष द्यावे. देवमासा मासा नसून सस्तन प्राणी आहे, आणि त्याच्या वल्ह्यात आपल्याप्रमाणेच दंडाचे एक हाड, पुढच्या हाताची दोन, मग मनगट व बोटे अशी रचना असते. खांद्याशी त्याचे वल्हे फिरते. परंतु कोपर व बोटे वाकत नाहीत. पाण्याला रेटण्यासाठी त्याला ताठ फळी हवी होती. हाडांचा आराखडा त्याचा आणि आपला एकच आहे. तो वल्हे मारतो व आपण लेखणी धरतो, हा फरक मुख्यतः सांध्यांनी पाडला.

गुडघा शरीरातील सर्वांत मोठा सांधा. त्याला बिजागरी म्हणतात, आणि ढोबळमानाने ते ठीक आहे. वाकलेल्या स्थितीत तो किंचित फिरतोही. पण किंचितच. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा व फुलीसारखे आडवे-तिडवे दोन अस्थिबंध आहेत, आणि पिळण्याचा बलात्कार या चौघांना मुळीच सोसत नाही. हे सांगण्याचे कारण पद्मासन. पाऊल विरुद्ध मांडीवर ठेवताना जी चाल लागते ती खुब्याची. मांडी खुब्यात बाहेरच्या अंगाला फिरली पाहिजे. ती पुरती फिरत नसेल आणि मुलाने शेजाऱ्याच्या बरोबरीसाठी पाऊल ओढून मांडीवर चढविलेच, तर उरलेला पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. आसन दिसते तेच. इजा मात्र आत होते. म्हणून गुडघ्याच्या आतल्या बाजूस कळ आली की पाय लगेच सोडावा व साध्या मांडीवर बसावे.

योगासनांकडे अशा शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा आरंभ ज्यांनी केला, ते स्वामी कुवलयानंद मूळचे आपल्या जवळच्या डभोईचे. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव, जन्म १८८३. १९०७ ते १९१० या काळात ते माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले, १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत योगक्रियांचे परिणाम तपासले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. परंपरा प्रिय असूनही ती मोजून पाहण्याचा हट्ट त्यांनी धरला.

शेवटी, पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. संक्रांतीच्या दिवसांत मुले गच्चीवरून, कठड्यावरून, जिन्यावरून पडतात. पडताना माणूस स्वभावतः हात पुढे टेकतो आणि आघात मनगटातून कोपराकडे जातो. पाच ते आठ वर्षांच्या मुलात अशा वेळी कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड मोडते. कोपर सुजते व वाकडे दिसते, आणि घरातील मंडळी समजतात की सांधा निखळला. मग कोणीतरी ओळखीच्या मालीशवाल्याचे नाव सुचवितो. तो तेल लावून कोपर रगडतो, ओढतो, आणि वर बांबूच्या कामट्या घालून करकचून बांधतो. माणिकरावांसारख्या तपस्व्याचा अभ्यास निराळा. गल्लीतल्या कोणाही हाताला तो चिकटत नाही. दुखावलेले कोपर रगडल्याने स्नायूंत हाडासारखा कठीण पदार्थ तयार होऊ शकतो व सांधा कायमचा आखडतो. करकचून बांधल्याने त्याहून वाईट घडते. रक्तपुरवठा तुटून पुढच्या हाताचे स्नायू मरतात आणि बोटे पक्ष्याच्या नखांसारखी आत वळून राहतात. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ मध्ये घट्ट बंधनाशी या विकाराचा संबंध दाखविला. सुश्रुतांनीही पट्टी फार सैल नसावी व फार घट्टही नसावी, घट्ट पट्टीने सूज, वेदना व पाक होतो, असे स्पष्ट बजावले आहे. शिवाय उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी, मध्यम ऋतूत पाचव्या व थंडीत सातव्या दिवशी पट्टी सोडून पुन्हा बांधावी, अशी वेळापत्रकासारखी आज्ञा केली आहे. देशी उपचाराचा अभिमान धरणाऱ्यांनी निदान ही देशी आज्ञा तरी पाळावी.

मूल पडले व कोपर सुजले तर हात ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत उशीने किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राने सैलसा आधार द्यावा, चोळू नये, ओढू नये, आणि तडक रुग्णालयात न्यावे. पट्टी वा प्लास्टर बांधल्यानंतर बोटे पांढरी, निळी वा गार पडली, मुंग्या आल्या, किंवा बोट हलक्या हाताने सरळ करताच मूल किंचाळले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांकडे जावे.

याहून लहान मुलांची, एक ते चार वर्षांच्या वयाची, तऱ्हा वेगळी. मांडवीच्या गर्दीत आई-बाप दोन बाजूंनी चिमुकले हात धरून मुलाला झोका देतात, किंवा रस्ता ओलांडताना एका हाताने उचलतात. त्या वयात कोपरातील खुंटीभोवतीचे कडे सैल असते. झटक्याने ते सरकून सांध्यात अडकते. सूज दिसत नाही, पण मूल हात लोंबता ठेवते व काही केल्या उचलीत नाही. जाणता डॉक्टर हात एका विशिष्ट रीतीने वळवितो, बारीकसा ‘टक्’ आवाज येतो. त्यानंतर तो मुलासमोर एखादे खेळणे धरून थांबतो, आणि बहुधा काही मिनिटांतच ते त्याच हाताने खेळणे ओढून घेते. अशा मुलाला पुढे उचलताना दोन्ही काखांत हात घालून उचलावे.